कथेचे घटक पाठ आहेत, पण कथेत दाखवता येत नाहीत. कसं वाचायचं?

अबोली_कुडाळ

नमस्कार मंडळी. मी मुक्त विद्यापीठातून मराठी घेऊन बी. ए. करते आहे. नोकरी परिचारिकेची, त्यामुळे वाचन बहुतेक रात्रपाळीत, वॉर्ड शांत झाल्यावर होतं.

या वेळच्या स्वाध्यायात प्रश्न आहे : कोणत्याही एका लघुकथेच्या आधारे कथेच्या घटकांचे विवेचन करा. मी रशियन लेखक चेकॉव्हची 'वांका' घेतली. वाचनालयातल्या एका जुन्या अनुवादात मिळाली आणि फार आवडली म्हणून. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नऊ वर्षांचा वांका मॉस्कोत एका चांभाराकडे काम शिकायला ठेवलेला आहे. आईवडील नाहीत. नाताळच्या आदल्या रात्री मालक मंडळी चर्चमध्ये गेल्यावर तो गावाकडच्या आजोबांना पत्र लिहितो. मालक मारतो, पोटभर खायला देत नाहीत, मला इथून घेऊन जा, असं. पाकिटावर पत्ता लिहितो, 'खेड्यात, आजोबांना'. मग डोकं खाजवून, विचार करून खाली आजोबांचं नाव घालतो. पत्र पेटीत टाकतो आणि आनंदात झोपी जातो. संपली कथा.

मी लिहिलं ते असं : कथानकात ही ही घटना, पात्रे वांका, आजोबा, मालक, मालकीण, वातावरण रशियातल्या थंडीचे, संघर्ष गरिबीशी, भाषा साधी व ओघवती. सरांनी समासात लिहून दिलं, 'हा सारांश झाला. विवेचन कुठे आहे?'

त्यांचं म्हणणं पटलं. पण विवेचन म्हणजे नक्की करायचं काय? घटकांची नावं मला झोपेत विचारली तरी सांगता येतील. कथा वाचताना रडू येतं, तेही खरं. या दोन्हींच्या मधलं काहीतरी मला सापडत नाहीये. कोणी नीट समजावून सांगेल का?

पाटीपेन्सिल

मी सेटचा, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचा, अभ्यास करतोय, म्हणून आधी पाया सांगतो. घटना कालक्रमाने सांगितल्या की गोष्ट होते, त्या कार्यकारणाने बांधल्या की कथानक होतं. पात्रचित्रण थेट वर्णनातून होतं किंवा कृती, उक्ती आणि इतरांच्या बोलण्यातून. निवेदन प्रथमपुरुषी, तृतीयपुरुषी सर्वज्ञ, किंवा एकाच पात्राच्या जाणिवेपुरतं मर्यादित असतं. वातावरणात स्थळ, काळ आणि मनःस्थिती तिन्ही येतात. आशयसूत्र म्हणजे या सगळ्यातून कथा जो जीवनानुभव मांडते तो.

उत्तरात प्रत्येक घटकाला एक व्याख्या, कथेतलं एक उदाहरण आणि त्याचा परिणाम, असं लिहा. गुण नक्की मिळतील.

सीनाकाठ

अबोलीताई, कथा फार चांगली निवडलीत. मी माढा तालुक्यात माध्यमिक शाळेवर मराठी शिकवायचो, आता निवृत्त आहे. 'वांका' मी नववीच्या मुलांना अवांतर म्हणून वाचून दाखवत असे, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायला मला कोणी विचारायचाच अवकाश.

पाटीपेन्सिल यांनी दिलेल्या व्याख्या बरोबर आहेत आणि परीक्षेत त्या लागतीलच. पण व्याख्या हातात धरून कथेत शिरलं की माणूस रकाने भरायला लागतो. पात्रांच्या रकान्यात नावं, वातावरणाच्या रकान्यात थंडी. तुमचं तेच झालंय. माझं सांगणं असं की उलटीकडून या. कथेतली एखादी लहानशी गोष्ट धरा, वस्तू असो, कृती असो, एखादं वाक्य असो, आणि ती मनातल्या मनात काढून टाका. मग कथेत कुठे कुठे भगदाड पडतं ते बघा. बहुतेक वेळा एकाच गोष्टीपायी तीन-चार ठिकाणी पडतं. ते कुठे आणि का पडलं हे लिहिणं म्हणजे विवेचन.

पाकिटावरचा तो पत्ता घ्या. समजा वांकाने जिल्हा, टपाल, गाव सगळं व्यवस्थित लिहिलं असतं. बाकी कथेतला एकही शब्द बदलायचा नाही. काय होतं? पहिलं म्हणजे शेवटच जातो. आधीची सगळी पानं एक पोर मदत मागतंय एवढंच आपल्यासमोर असतं. ही मदत येणारच नाही, हे आपल्याला त्या अर्ध्या ओळीत कळतं. म्हणजे कथानकाचं वळण त्या पाकिटावर आहे. मारहाणीच्या प्रसंगांत ते नाही.

आता पात्र बघा. या मुलाला आजोबांच्या दोन्ही कुत्र्यांची नावं आणि त्यांचे स्वभाव पाठ आहेत, गावातल्या आकाशातल्या चांदण्या आठवतात. पण जगात दुसरी खेडी आहेत आणि तिथेही कोणाचे तरी आजोबा आहेत, हे त्याला ठाऊक नाही. नऊ वर्षांचं वय याहून नेमकं कसं दाखवणार? आणि बघा, तो निष्काळजी नाही. पत्ता लिहून झाल्यावर थांबतो, विचार करतो, काहीतरी कमी पडतंय हे त्याला जाणवतं आणि आपल्या समजुतीप्रमाणे तो ते पुरं करतो. नाव घालतो. मला या कथेत सगळ्यात जास्त टोचतं ते हे. पोरगं हुशार आहे. जमीनदाराच्या घरातल्या ओल्गाबाईंनी त्याला लिहा-वाचायला शिकवलं, शंभरापर्यंत मोजायला शिकवलं, नाचसुद्धा शिकवला, तो एक विरंगुळा म्हणून. पत्ता कसा लिहायचा हे शिकवायची गरज कोणाला वाटली नाही. म्हणजे त्याचा सगळा भूतकाळ त्या पाकिटावर उतरलाय.

आणि निवेदन. हे पत्र पोचणार नाही, असं निवेदक कुठेही म्हणत नाही. बिचारा वांका, असंही नाही. मुलगा खूश होता, टोपी घातली, धावत गेला, पेटीत टाकलं, एवढंच सांगून तो गप्प राहतो. वांकाला जे माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे, आणि आपण ते त्याला सांगू शकत नाही. समीक्षेत याला नाट्यात्म उपरोध म्हणतात. तुम्हाला रडू येतं ते इथे येतं. रडू आणि घटक यांच्या मधलं काही सापडत नाही असं तुम्ही म्हणालात. ते हेच आहे, लेखक कुठे बोलला आणि कुठे गप्प बसला.

आता निवेदनाबद्दल थोडं जास्त, कारण शाळेत यावर कोणी वेळ घालवत नाही. या कथेत दोन आवाज आहेत. एक पत्रातला, 'लाडक्या आजोबा, मी तुम्हाला पत्र लिहितो आहे' असं म्हणणारा. दुसरा निवेदकाचा. वांका चार ओळी लिहितो, मग अंधाऱ्या खिडकीकडे बघतो आणि निवेदक आपल्याला गावाकडे नेतो. तिथे आजोबा रात्री मेंढीच्या कातड्याचा कोट पांघरून वाड्याभोवती गस्त घालत असतात, दिवसा स्वैपाकिणींशी थट्टा करतात, बायकांना तपकीर हुंगायला देतात. पुन्हा पत्र, पुन्हा गाव. पत्रात मार आहे, आठवणीत हसू आहे. या आठवणी वांका पत्रात का लिहीत नाही? कारण आजोबांना त्या माहीतच आहेत, आपल्याला नाहीत. किती साधी सोय केली आहे बघा! पण त्या सोयीमुळे दर दोन परिच्छेदांनी गरम आणि थंड असा चटका आपल्याला बसत राहतो.

अजून एक बारकावा. आजोबांचं काळं कुत्रं वरून फार नम्र आणि आतून कपटी आहे, असं वर्णन येतं. नऊ वर्षांचं मूल हे असं मांडणार नाही. म्हणजे निवेदक वांकाच्या खांद्याशी उभा आहे, पण त्याच्या आत बसलेला नाही. पूर्ण आत बसला असता तर पत्ता चुकीचा आहे हे आपल्या लक्षात आणून द्यायला कथेत कोणी उरलं नसतं. पूर्ण लांब असता तर खिडकीतलं गाव आपल्याला इतकं जवळ दिसलं नसतं. हे अंतर किती ठेवायचं यातच कथाकाराचं कसब असतं.

आजोबांचं पात्र तुम्ही नुसतं नाव लिहून सोडलंय. तिथे थांबा. वांकाच्या मनात हा माणूस म्हणजे सगळं जग. पण आपल्याला दिसतो तो पासष्टीचा, डोळ्यांत कायम दारूची झाक असलेला, थट्टेखोर राखणदार, जो स्वतः दुसऱ्याच्या चाकरीत आहे. आई गेल्यावर वांका याच आजोबांजवळ नोकरांच्या स्वैपाकघरात होता, आणि तिथूनच त्याला मॉस्कोला पाठवलं गेलं. वर्गात एका मुलीने मला विचारलं होतं, 'सर, पत्ता बरोबर असता तरी आजोबा आले असते का?' मी तिला उत्तर दिलं नाही, कारण कथाही देत नाही. पण हा प्रश्न पडणं म्हणजे पात्रचित्रण समजणं. तुमच्या स्वाध्यायात हा प्रश्न जरूर घाला.

आणि शेवटचं. पत्रात वांका म्हणतो, चालत गावी पळून आलो असतो, पण बूट नाहीत आणि थंडीची भीती वाटते. शेवटी पत्र टाकायला मात्र तो अंगावर कोट न घेता, नुसत्या सदऱ्यात धावत सुटतो. लेखक यावर एक अक्षर बोलत नाही. दोन्ही जागा शेजारी ठेवून पाहा, आशेने त्या पोराचं काय केलंय ते कळेल. या दोन जागांवर मला एक अख्खा तास बोलता येतं, पण इथे थांबतो.

कथा १८८६ च्या नाताळात पीटर्सबर्गच्या एका वृत्तपत्रात आली, तेव्हा चेकॉव्ह सव्वीस वर्षांचा होता. नाताळच्या अंकात गोड शेवटाच्या गोष्टी छापायची रीत होती. वाचणाऱ्यांच्या घरी त्या दिवशी मेजवानी. हेही ध्यानात ठेवून शेवट वाचा.

अबोली_कुडाळ

सर, नमस्कार. तुमचा प्रतिसाद रात्री दोनदा वाचला. कोटाचं माझ्या अजिबात लक्षात आलं नव्हतं, पुस्तक उघडून परत बघितलं तर खरंच आहे!

दोन गोष्टी अजून अडतात. एक, संघर्ष. या कथेत कोणी कोणाशी भांडत नाही, मालक तर समोरही येत नाही. मग संघर्ष म्हणून काय लिहायचं? दुसरं, वातावरण. बर्फ पडतंय, थंडी आहे, यापलीकडे त्यात लिहिण्यासारखं काय असतं? मला वातावरण म्हणजे नेहमी नाटकातल्या मागच्या पडद्यासारखं वाटतं.

सीनाकाठ

ताई, संघर्ष कथेच्या सुरुवातीच्या ओळींतच आहे. वांका झोपलेला नाही. सगळे चर्चला जाईपर्यंत तो वाट बघतो, मग मालकाच्या कपाटातून दौत आणि गंजलेल्या निबाचा टाक काढतो, चुरगळलेला कागद बाकावर पसरतो आणि स्वतः बाकापुढे गुडघे टेकून बसतो. पहिलं अक्षर काढायच्या आधी दाराकडे आणि खिडक्यांकडे भेदरून बघतो. ही माणसं परत यायच्या आत पत्र पुरं व्हायला हवं. म्हणजे पत्राची प्रत्येक ओळ चोरून लिहिलेली आहे. आणि लिहून झाल्यावर तो खूश होतो तो कशाने? तर मध्ये कोणी अडवलं नाही याने. मालक न दिसताही घरभर आहे. हाणामारी हवीच असं थोडंच आहे? पात्राला काहीतरी हवंय आणि वाटेत काहीतरी उभं आहे, एवढं शोधायचं.

वातावरणासाठी मी तुम्हाला जरा वेगळी कथा सुचवतो, कारण 'वांका'मध्ये ते हळू आवाजात आहे. प्रेमचंदांची 'पूस की रात', १९३० ची. हिंदी सोपं आहे, अर्ध्या तासात होईल. हल्कू नावाचा शेतकरी. कांबळं घ्यायला त्याने पै पै करून तीन रुपये जमवलेत, ते सावकाराच्या माणसाला देऊन टाकावे लागतात. मग पौषाच्या रात्री कांबळ्याशिवाय शेताची राखण. सोबतीला जबरा नावाचं कुत्रं.

ही कथा मी आमच्या पोरांना मराठीतून सांगायचो. आमच्याकडचा भाग ज्वारीचा. दाणा भरायला लागला की पाखरं राखायला दिवसा आणि जनावरं राखायला रात्री रानात जावं लागतं. नान्नजच्या अभयारण्याच्या बाजूला पाहुणे असलेल्या पोरांना काळवीट पिकात शिरलं की काय होतं ते नीट ठाऊक होतं. हल्कू शेजारच्या आमराईतला पालापाचोळा गोळा करून शेकोटी करतो, अंग शेकतं, आणि शेकोटी विझल्यावर त्या उबदार राखेजवळून त्याला उठवेना. नीलगाई शेतात शिरल्याचं त्याला कळतं. चरण्याचा आवाज येतो. कुत्रं भुंकून भुंकून बेजार होतं. तो उठतो, दोन-तीन पावलं टाकतो, वाऱ्याचा झोत अंगावर येतो आणि पुन्हा येऊन बसतो.

इथे मी वाचायचं थांबायचो आणि विचारायचो, हल्कू आळशी आहे का? मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नसे, तो म्हणाला, 'सर, त्या टायमाला उठवतच नाही. पाय आपला नसतो.' त्याच्या घरी राखणीला तोच जायचा. वातावरण म्हणजे काय, हे त्या दिवशी वर्गाला मी समजावलं नाही, त्याने समजावलं.

आता थंडी काढून टाका. कांबळ्याचे तीन रुपये गेले त्याला काही अर्थ राहत नाही, शेकोटीची गरज नाही, नीलगाई हाकलल्या जातात, पीक वाचतं. कथाच उरत नाही. इथे थंडी पात्रांच्या मागे टांगलेली नाही. सावकार आणि थंडी मिळून हल्कूला हरवतात. सकाळी बायको उजाड झालेलं शेत बघून कष्टी होते, आता मजुरी करून सारा भरावा लागणार म्हणते, आणि हल्कू प्रसन्न चेहऱ्याने म्हणतो की रात्री थंडीत इथे झोपावं तर लागणार नाही. शेतकऱ्याला आपलं पीक गेल्याचा आनंद व्हावा! हे वाक्य आधीच्या रात्रीशिवाय लिहिलं तर खोटं वाटलं असतं. त्या थंडीत आपणही बसून आलोय म्हणून ते पटतं आणि पोटात खड्डा पडतो.

हे डोळ्यांपुढे ठेवून 'वांका'तलं मॉस्को वाचा. शहराबद्दल तो काय सांगतो? घोडे पुष्कळ आहेत, पण मेंढ्या नाहीत. कुत्री चावरी नाहीत. दुकानात मासे धरायचे गळ टांगलेत, मोठाले. खाटकाकडे रानपाखरं आणि ससे आहेत, पण ते कुठे मारले हे दुकानदार सांगत नाहीत. मॉस्कोचं हे वर्णन राजवाडे बघणाऱ्याचं नाही. खेड्यातलं पोर शहरात आपलं खेडं शोधतंय. वातावरण आणि पात्र इथे वेगळं काढताच येत नाही, आणि तुमच्या उत्तरात ते वेगळं न काढता लिहिलंत तर ते जास्त खरं होईल.

तळटीप

सर, फार सुंदर लिहिलंय. थोडं वेगळं मांडतो, राग मानू नका.

घटकांची ही चौकट सगळ्या कथांना सारखी लागू पडत नाही, हेही अबोलीताईंना माहीत असावं. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू करून त्यात 'स्फुट गोष्टी' लिहिल्या. पुढे ना. सी. फडक्यांनी तंत्राचा आग्रह धरला, त्यांचं 'प्रतिभासाधन' १९३१ चं. आकर्षक सुरुवात, गुंतागुंत, उत्कंठा, उकल, ही भाषा वर्गांमध्ये रुजली त्यात त्या काळाचा वाटा मोठा आहे. मग १९४५ च्या आसपास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर हे कथाकार आले आणि त्या बांधीव कथानकाची सक्तीच मोडली. त्यांच्या कथेला नवकथा म्हणतात. नवकथेत कितीतरी वेळा बाहेर काही घडतच नाही, घडतं ते मनात. तिथे कथानक शोधत बसलं तर विद्यार्थी म्हणणार, या कथेला कथानक नाही, म्हणजे कथा फसली.

दुसरं म्हणजे निवेदकाचं अंतर तुम्ही छान उलगडलंत, पण काही कथांमध्ये अंतर न ठेवणं हीच ताकद असते. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' घ्या, संग्रह १९६३ चा. रेल्वेत नोकरीला लागलेला, जात लपवून राहणारा 'मी' स्वतः सांगतोय. तिथे तृतीयपुरुषी निवेदक खांद्याशी उभा केला तर वाचकाला सुरक्षित जागा मिळेल. आता उघडकीला येईल, मग उघडकीला येईल, ही धाकधूक वाचकाने आतून भोगावी म्हणूनच 'मी' आहे. तेव्हा चेकॉव्हचं संयत निवेदन हाच आदर्श, असं विद्यार्थ्यांनी समजू नये.

सीनाकाठ

तळटीप, राग कसला, हे यायलाच हवं होतं. बागुलांच्या कथेबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. आणि बघा, तुम्हीसुद्धा 'मी' काढून तिथे 'तो' घालून पाहिलात, म्हणूनच तुम्हाला ती ताकद दाखवता आली. कुठली पद्धत श्रेष्ठ हा प्रश्नच नाही, या कथेला हीच का लागली, एवढं विचारायचं.

नवकथेच्या बाबतीत एवढंच सांगतो की कथानक सैल झालं तेव्हा त्याचं ओझं दुसऱ्या कोणीतरी उचललं. कुठे प्रतिमांनी, कुठे वाक्यांच्या लयीने, कुठे आठवणींच्या उलटसुलट क्रमाने. कथानक नाही असं लिहून विद्यार्थ्याने थांबू नये, मग कथेला बांधून कोणी ठेवलंय ते शोधावं. माडगूळकरांच्या माणदेशी माणसांत मला तर वाटतं की ते काम माणूसच करतो. त्याची उठबस, त्याचं बोलणं. आमच्या मुलांना त्यातलं काही समजवावं लागत नसे, ती माणसं त्यांच्या गल्लीत राहायची.

पण ताईंना शुक्रवारी स्वाध्याय द्यायचा असेल तर आपण दोघांनी जरा आवरतं घेऊ. ताई, एक परिच्छेद लिहून इथे टाका. पाकीट सोडून दुसरी कुठलीही वस्तू घ्या.

अबोली_कुडाळ

प्रयत्न केला आहे सर. तळटीप, तुमचेही आभार, बागूल वाचनालयातून आणते.

'पत्राच्या मध्ये वांका आजोबांना सांगतो की वाड्यावर नाताळचं झाड लावतील तेव्हा माझ्यासाठी सोनेरी मुलाम्याचा एक अक्रोड मागून घ्या आणि हिरव्या पेटीत ठेवा. ओल्गाबाईंकडे मागा, वांकासाठी आहे म्हणून सांगा. यातून वांकाची निरागसता व दयनीय अवस्था दिसून येते. मार आणि उपासमार यांच्या वर्णनानंतर तो अक्रोड मागतो. हा अक्रोड त्याच्या सुखी भूतकाळाचे प्रतीक आहे. अक्रोडाचा उल्लेख काढून टाकला तर पत्र फक्त तक्रारीचे राहते आणि वांका फक्त मार खाणारा मुलगा राहतो. अक्रोडामुळे तो लहान मुलगा होतो.'

सीनाकाठ

ताई, शेवटची दोन वाक्यं उत्तम. ती तुमची स्वतःची आहेत, त्यांना हात लावू नका.

'निरागसता व दयनीय अवस्था' हे वाक्य काढा. ते कुठल्याही गरीब मुलाच्या कुठल्याही गोष्टीला चिकटवता येतं. त्याऐवजी पेटीकडे बघा. अक्रोड पाठवून द्या असं तो म्हणत नाही, ठेवून द्या म्हणतो. म्हणजे आपण परत जाणार आणि स्वतःच्या हाताने ती पेटी उघडणार, हे त्याने गृहीत धरलंय. पत्ता चुकीचा आहे हे आपल्याला अजून कळलेलं नाही, पण कळेल तेव्हा ही पेटी आठवून दुप्पट लागेल. हे लिहिलंत की कथानकाच्या बांधणीबद्दलही तुम्ही त्याच परिच्छेदात बोललात.

'प्रतीक' हा शब्द ठेवायचा तर पुढे एक कारण जोडा. अक्रोडच का, लाडू-पाव का नाही? भुकेलं मूल खरं तर खायचं मागेल. हा अक्रोड झाडाला टांगायचा आहे, शोभेचा. आणि तो कोणाकडे मागायचा तेही त्याने सांगितलंय. ज्या बाईंनी त्याला अक्षर शिकवलं त्यांच्याकडे, आणि ज्या अक्षरांनी तो हे पत्र लिहितोय ती त्यांचीच. तिथून तुम्हाला निवेदनाकडे आणि आधीच्या आठवणींकडे जाता येईल, वेगळा मुद्दा करायची गरज नाही.

व्याख्या सुरुवातीला पाटीपेन्सिल यांनी दिल्यात तशा एकेका ओळीत घाला, तपासणाऱ्याला त्या हव्या असतात. बाकीची पानं पाकीट, कोट आणि अक्रोड या तिघांवर खर्च करा. संघर्षासाठी दाराकडे बघणं आलंच. लिहून झालं की पूर्ण स्वाध्याय इथे टाका, मी आणि तळटीप दोघंही वाचू. आणि शक्य झालं तर वॉर्डातल्या एखाद्या बाईला ही कथा मोठ्याने वाचून दाखवा, ती कुठे 'अगं बाई' म्हणते तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा. त्या जागांवर लिहायला तुम्हाला पुष्कळ सापडेल.

अबोली_कुडाळ

हो सर, रविवारी रात्रपाळी आहे. आमच्या आयामावशींना गोष्टी ऐकायला आवडतात, त्यांनाच वाचून दाखवते. स्वाध्यायाची तारीख पुढच्या शुक्रवारची आहे, म्हणजे तेवढा वेळ हातात आहे. सोमवारी लिहिलेलं इथे टाकते.